मूक शिल्पांचा धर्म : मिनोअन लोकांच्या श्रद्धा व उपासना

प्राचीन धर्मांच्या अभ्यासाची सामान्यतः दोन साधने असतात. एक म्हणजे वाङ्‌मय आणि दुसरे म्हणजे वास्तू, मूर्ती, नाणी, थडगी आदी भौतिक अवशेष. ही दोन्ही साधने एकमेकांस पूरक ठरतात. वाङ्‌मयात जे संदिग्ध असते ते उत्खननाने स्पष्ट होते आणि उत्खननात जे मुके असते त्यास वाङ्‌मय वाचा देते. परंतु ज्या धर्माची केवळ शिल्पेच शिल्लक आहेत आणि शब्द मात्र वाचता येत नाहीत, त्या धर्माविषयी अभ्यासकाने काय म्हणावे व कोठे थांबावे, हा मोठा कठीण प्रश्न आहे. भूमध्य समुद्रातील क्रीट बेटावर इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या व दुसऱ्या सहस्रकांत नांदलेल्या मिनोअन संस्कृतीचा धर्म हे या प्रश्नाचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात त्या धर्माचे उपलब्ध पुराव्यांवरून दिसणारे स्वरूप मांडण्याचा आणि त्याबरोबरच त्याचा अर्थ लावताना झालेल्या घाईचा विचार करण्याचा आमचा हेतू आहे.

काळ, नाव आणि लिपी

‘मिनोअन’ हे नाव त्या लोकांचे स्वतःचे नव्हे. ग्रीक पुराणकथांत क्रीटच्या मिनॉस नावाच्या राजाचा उल्लेख येतो. त्यावरून ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ सर आर्थर एव्हान्स यांनी हे नाव रूढ केले. क्नॉसस येथे १८७८ साली मिनॉस कालोकेरिनॉस या स्थानिक गृहस्थाने प्रथम खणून पाहिले होते. मात्र मोठ्या प्रमाणावरील उत्खनन एव्हान्स यांनी मार्च १९०० मध्ये सुरू केले. त्याचा वृत्तांत त्यांनी १९२१ ते १९३५ या काळात चार भागांत प्रसिद्ध केला. क्रीटमधील पहिले प्रासाद इ.स.पू. १९०० च्या सुमारास उभे राहिले. इ.स.पू. १७०० च्या सुमारास त्यांचा नाश झाला. ते पुन्हा अधिक भव्य स्वरूपात बांधले गेले आणि इ.स.पू. १४५० च्या सुमारास बेटावरील बहुतेक केंद्रे उद्‌ध्वस्त झाली. त्यानंतर क्नॉसस येथे ग्रीक भाषा बोलणाऱ्या मायसिनियन सत्ताधाऱ्यांचा अंमल दिसतो. २०२५ साली क्नॉसस, फेस्टॉस, मालिया, झाक्रॉस, झोमिन्थॉस आणि किडोनिया या सहा प्रासादकेंद्रांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

मिनोअन लोक निरक्षर नव्हते. त्यांची जी लिपी अभ्यासक ‘लिनिअर ए’ या नावाने ओळखतात, तिचे सुमारे १,४०० लेख उपलब्ध आहेत. परंतु त्यांतील बहुतेक मातीच्या लहान फलकांवरील हिशेबाच्या नोंदी असून त्यांची भाषा अद्याप उलगडलेली नाही. या लिपीवरून पुढे तयार झालेली ‘लिनिअर बी’ ही लिपी मात्र मायकेल व्हेन्ट्रिस यांनी १९५२ साली वाचली आणि तिच्यातील भाषा प्राचीन ग्रीक असल्याचे सिद्ध झाले. दोन्ही लिपींतील समान चिन्हांच्या आधारे ‘लिनिअर ए’मधील काही शब्दांचे उच्चार अंदाजाने करता येतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. उदाहरणार्थ, अर्घ्य देण्यासाठी वापरलेल्या दगडी पात्रांवर व पीठांवर एक ठरावीक वाक्यरचना पुनःपुन्हा कोरलेली आढळते. तीत ‘असासरामे’ किंवा ‘यासासरामे’ असा उच्चार होऊ शकणारा शब्द येतो. तो एखाद्या देवीचे नाव असावा असे काहींचे मत आहे. परंतु ते नाव आहे, क्रियापद आहे की प्रार्थनेतील संबोधन आहे, हे निश्चितपणे सांगता येत नाही. मिनोअन धर्माचे मंत्र आपल्यासमोर आहेत, पण ते आपणांस ऐकू येत नाहीत.

उपासनेची स्थाने

मिनोअन धर्माचे एक वैशिष्ट्य असे की, नंतरच्या ग्रीकांप्रमाणे स्वतंत्र, भव्य अशी देवालये त्यांनी फारशी बांधलेली दिसत नाहीत. त्यांची उपासना चार प्रकारच्या ठिकाणी चालत असे : पर्वतशिखरे, गुहा, प्रासाद व घरांतील देवकक्ष आणि थडगी.

शिखरस्थानांचा आरंभ इ.स.पू. २००० च्या आसपास होतो. निर्विवाद मानता येतील अशी सुमारे २५ स्थाने ज्ञात आहेत. ती वस्तीपासून एक-दोन तासांच्या चढणीवर, खालच्या गावांतून दिसतील अशा जागी आहेत. पूर्व क्रीटमधील पेट्सोफास येथे जॉन मायर्स यांनी १९०३ साली केलेल्या उत्खननात मातीच्या असंख्य लहान मूर्ती मिळाल्या. त्यांत हात छातीशी धरून उभे असलेले पुरुष, उंच शिरोभूषणे घातलेल्या स्त्रिया, बैल, मेंढ्या आणि भुंगे यांच्या प्रतिकृती आहेत. त्याहून लक्षणीय म्हणजे सुटे हात, पाय व इतर अवयव यांच्या प्रतिकृती. अवयवाच्या व्याधीतून मुक्ती मिळावी म्हणून किंवा मिळाली म्हणून त्या वाहिल्या असाव्यात, हा अर्थ बहुतेक अभ्यासकांस मान्य आहे. क्नॉससच्या दक्षिणेस असलेल्या ८११ मीटर उंचीच्या युक्तास पर्वतावर एव्हान्स यांनी १९०९ साली आणि अलेक्झांड्रा कारेत्सू यांनी १९७४ पासून उत्खनन केले. तेथे खडकातील एका खोल भेगेजवळ पायऱ्यांची वेदी बांधलेली आढळली. शिखरांवर राख व जळालेली हाडे सापडतात, त्यावरून तेथे मोठे अग्नी पेटवले जात आणि सामुदायिक भोजने होत, असे दिसते.

गुहांतील उपासना याहून वेगळी आहे. सिक्रो येथील गुहेत डेव्हिड हॉगार्थ यांनी १९०० साली उत्खनन केले, तेव्हा खालच्या अंधाऱ्या भागात चुनखडीच्या लोंबत्या स्तंभांच्या भेगांत खोचलेली काशाची पाती व लहान परशू मिळाले. काही वस्तू तळाशी असलेल्या पाण्यात टाकलेल्या होत्या. आर्कालोखोरी येथील गुहेत १९३४ साली सोन्याच्या व काशाच्या द्विमुखी परशूंचा मोठा साठा आढळला. सोन्याच्या पातळ पत्र्याचा परशू लाकूड तोडण्याच्या उपयोगाचा नाही. म्हणून तो अर्पणासाठीच घडविला होता, याविषयी शंका उरत नाही.

प्रासादांत व घरांत स्तंभयुक्त तळघरे, बाके असलेले लहान देवकक्ष आणि पायऱ्या उतरून जाण्याचे खोलगट कक्ष आढळतात. या शेवटच्या कक्षांस एव्हान्स यांनी ‘शुद्धिस्नानाचे कुंड’ मानले; मात्र त्यांतून पाणी बाहेर जाण्याची सोय दिसत नाही, म्हणून हा अर्थ आज सर्वमान्य नाही. थडग्यांच्या बाबतीत दक्षिण क्रीटमधील मेसारा मैदानातील गोलाकार सामुदायिक थडगी महत्त्वाची आहेत. इ.स.पू. ३००० नंतर शतकानुशतके एकाच थडग्यात अनेक पिढ्यांचे मृत ठेवले जात. जुनी हाडे बाजूस सारून नव्या मृतास जागा केली जाई आणि बाहेरच्या अंगणात पेयदानाचा विधी होई. तेथे सापडलेल्या पेल्यांची संख्या पाहता मृतांच्या सान्निध्यात जिवंतांचे एकत्र येणे हा त्या समाजाच्या धर्माचा पाया होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

विधींचे चित्रण

विधी प्रत्यक्ष कसे होत, हे समजण्यास सुवर्णमुद्रिका आणि भित्तिचित्रे उपयोगी पडतात. क्नॉससजवळील इसोपाता येथील थडग्यात मिळालेल्या मुद्रिकेवर फुललेल्या भूमीवर चार स्त्रिया हात उंचावून नृत्य करीत आहेत आणि वरच्या बाजूस एक लहानशी आकृती अधांतरी दिसते. ही देवतेच्या अवतरणाची कल्पना असावी : देवता मंदिरात स्थिर बसलेली नसून नृत्याने व आवाहनाने ती क्षणभर प्रकट होते. इतर मुद्रिकांवर माणसे वृक्ष गदागदा हलवताना किंवा मोठ्या अंडाकृती शिळेला कवटाळताना दिसतात.

सर्वांत विस्तृत चित्रण हागिया त्रियादा येथे १९०३ साली मिळालेल्या शवपेटिकेवर आहे. सुमारे १.३७ मीटर लांबीच्या या चुनखडीच्या पेटिकेवर गिलावा देऊन रंगकाम केलेले आहे. एका बाजूस द्विमुखी परशू लावलेल्या दोन खांबांमध्ये ठेवलेल्या पात्रात एक स्त्री द्रव ओतीत आहे. परशूंवर पक्षी बसले आहेत. एक पुरुष तंतुवाद्य वाजवीत आहे. त्याच बाजूस तीन पुरुष प्राणी व नौकेची प्रतिकृती घेऊन एका हातविरहित, निश्चल आकृतीकडे जात आहेत. ही आकृती मृत व्यक्तीची असावी, असे बहुतेक मानतात. दुसऱ्या बाजूस मेजावर बांधलेला बैल असून त्याचे रक्त खालच्या पात्रात गळत आहे, मागे एक जण जोडपावा वाजवीत आहे आणि पुढे एक स्त्री वेदीवर हात पसरून उभी आहे. या पेटिकेचा काळ इ.स.पू. चौदावे शतक असा आहे. म्हणजे ती मायसिनियन वर्चस्वाच्या काळातील आहे. तिच्यावरून आधीच्या पाच-सहा शतकांतील विधींचे सरसकट अनुमान करणे धोक्याचे ठरते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

एक महादेवी की अनेक देवता?

मिनोअन धर्माविषयीचा सर्वांत प्रसिद्ध सिद्धान्त एव्हान्स यांचाच आहे. त्यांच्या मते क्रीटमध्ये एकाच महामातेची उपासना होती आणि तिच्याजवळ दिसणारा तरुण देव हा तिचा पुत्र अथवा सहचर असून तो तिच्याहून दुय्यम होता. १८९० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या जेम्स फ्रेझर यांच्या ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथाने मरणाऱ्या व पुन्हा जन्मणाऱ्या देवाची कल्पना त्या काळच्या विद्वानांत रुजवली होती. क्नॉससचे अवशेष त्या तयार चौकटीत बसविले गेले.

या सिद्धान्तास दृश्य आधार मिळाला तो १९०३ साली क्नॉसस येथे सापडलेल्या ‘सर्पदेवीं’चा. काचेरी मुलाम्याच्या या मूर्ती सुमारे ३० ते ३४ सेंटिमीटर उंचीच्या असून त्या तुकड्यांच्या स्वरूपात मिळाल्या होत्या. जगभर परिचित असलेल्या लहान मूर्तीचे मस्तक आणि डावा हात हे भाग मूळचे नसून जीर्णोद्धारात जोडलेले आहेत. तिच्या मुकुटावरील मांजर तिचेच होते का, याविषयीही शंका घेतली गेली आहे. या मूर्ती देवीच्या आहेत की पुजारिणीच्या, हेही मूर्तींवरून ठरत नाही. त्यांच्या प्रसिद्धीनंतर बाजारात हस्तिदंती सर्पदेवींचा सुळसुळाट झाला आणि त्यांतील अनेक बनावट असल्याचे केनेथ लापाटिन यांनी २००२ सालच्या ग्रंथात साधार दाखविले. भित्तिचित्रांतही असेच घडले. केशराची फुले वेचणारा निळा मुलगा म्हणून एव्हान्स यांनी पूर्ण करविलेले चित्र वस्तुतः माकडाचे असल्याचे पुढे शेपटीच्या अवशेषावरून स्पष्ट झाले. पुनर्रचनाकाराने रिकाम्या जागी जे रंगविले, तेच पुढील पिढ्यांनी पुरावा म्हणून उद्धृत केले.

एकदेवीवादास पहिला भक्कम विरोध स्वीडिश विद्वान मार्टिन निल्सन यांनी १९२७ साली केला. निरनिराळ्या स्थानांवरील निरनिराळी चिन्हे अनेक देवता सुचवितात, असे त्यांचे म्हणणे होते. व्हेन्ट्रिस यांच्या वाचनानंतर या मतास बळ मिळाले. क्नॉसस येथील ‘लिनिअर बी’ फलकांत झ्यूस, पोसायडन यांसारखी पुढे ग्रीकांत प्रसिद्ध असलेली नावे येतात; त्याबरोबरच ग्रीक भाषेत न बसणारी ‘पिपितुना’सारखी नावे आणि ‘वाऱ्यांची पुजारीण’ असा उल्लेखही येतो. एका फलकावर सर्व देवतांना मधाचे एक पात्र आणि ‘लॅबिरिंथच्या स्वामिनी’स मधाचे एक पात्र अशी नोंद आहे. दुसऱ्या फलकावर अम्निसॉस येथील एलेउथिया देवीस मध दिल्याचे लिहिले आहे. हीच पुढे प्रसूतीची देवता आयलिथिया म्हणून ओळखली गेली आणि तिच्या अम्निसॉस येथील गुहेचा उल्लेख होमरच्या ‘ओडिसी’त आहे. हिशेबनीसाच्या या कोरड्या नोंदी देवता एक नसून अनेक होत्या हे दाखवितात. निदान मायसिनियन काळापुरते तरी हे निर्विवाद आहे.

पुरुषदेवता दुय्यम होत्या, हेही आता तितके निश्चित वाटत नाही. पालेकास्त्रो येथे १९८७ ते १९९० या काळात सुमारे ५० सेंटिमीटर उंचीची एका तरुणाची मूर्ती तुकड्या-तुकड्यांनी मिळाली. पाणघोड्याच्या दाताचे शरीर, दगडाचे केस, स्फटिकाचे डोळे आणि सोन्याचा पत्रा अशी तिची घडण आहे. इ.स.पू. १४५० च्या सुमारास ती कोणीतरी मुद्दाम आपटून फोडली होती. त्याच गावी पूर्वी मिळालेल्या बऱ्याच उत्तरकालीन शिलालेखातील स्तोत्रात झ्यूस देवाला तरुण म्हणून आवाहन केलेले आहे. यावरून ही मूर्ती एखाद्या तरुण देवाची असावी, हा तर्क सयुक्तिक ठरतो.

शांतिप्रियतेची प्रतिमा आणि बळीचा प्रश्न

एव्हान्स यांच्या लेखनातून फुले, डॉल्फिन आणि नर्तिका यांत रमलेल्या निसर्गपूजक, शांतिप्रिय लोकांची प्रतिमा निर्माण झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मारिया गिम्बुटास आणि रियान आयस्लर यांच्यासारख्या लेखिकांनी युद्धविरहित, स्त्रीप्रधान समाजाचा आदर्श म्हणून तिचा पुरस्कार केला. हा आदर्श मनास भावणारा आहे. परंतु १९७९ या एकाच वर्षी दोन ठिकाणी मिळालेल्या अवशेषांनी त्यास धक्का दिला.

युक्तासच्या उत्तर पायथ्याशी आनेमोस्पिलिया येथे यानिस व एफी साकेलाराकिस या दांपत्याने इ.स.पू. १७०० च्या सुमारास भूकंपाने कोसळलेली तीन कक्षांची वास्तू उघडी केली. तीत चार सांगाडे होते. त्यांपैकी एक सुमारे अठरा वर्षांच्या तरुणाचा असून तो एका ओट्यावर कुशीवर होता आणि त्याच्या देहावर काशाचे लांब पाते होते. भूकंप थांबविण्यासाठी दिलेला हा नरबळी होय, असा निष्कर्ष उत्खनकांनी काढला. मात्र तो तरुण भूकंपातच दगावला असावा आणि पाते हे वरून पडलेले भाल्याचे टोक असावे, असाही आक्षेप घेतला गेला आहे. क्नॉसस येथे पीटर वॉरन यांना एका घरात लहान मुलांची हाडे मिळाली. त्यांवर मांस सोडविताना होतात तशा पात्याच्या खुणा होत्या. तेथेही काहींनी बळीचा आणि काहींनी अस्थी स्वच्छ करून पुन्हा पुरण्याच्या अंत्यविधीचा अर्थ लावला.

आमच्या मते येथे दोन्ही बाजूंनी संयम हवा. मिनोअन लोक आदर्श शांतिप्रिय होते म्हणून नरबळी अशक्य, हे म्हणणे जितके निराधार, तितकेच एका ओट्यावरील एका सांगाड्यावरून संपूर्ण धर्मास रक्तलांछित ठरविणे अन्याय्य आहे. पशुबळी मात्र निश्चितपणे होता. शवपेटिकेवरील बैल आणि शिखरांवरील हाडे त्याची साक्ष देतात.

सांची आणि भारहूतचा धडा

या संयमाचे महत्त्व बौद्ध कलेच्या अभ्यासकांस विशेष जाणवावे, कारण आपल्या क्षेत्रातही हा प्रसंग येऊन गेला आहे. जेम्स फर्ग्युसन यांनी १८६८ साली सांची व अमरावती येथील शिल्पांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याचे नावच ‘वृक्ष व सर्पपूजा’ अशा अर्थाचे ठेवले. शिल्पांत माणसे वृक्षापुढे हात जोडून उभी होती, रिकाम्या आसनापुढे नतमस्तक होती, फणाधारी नाग होते. तेव्हा हा वृक्षांचा व सर्पांचा उपासना-संप्रदाय होय, असा अर्थ त्यांस सुचला. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांना भारहूतचा स्तूप मिळाला. तेथील शिल्पांवर ब्राह्मी लिपीत लहान लहान नामलेख कोरलेले होते आणि ब्राह्मी तर जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ सालीच उलगडली होती. त्या नामलेखांवरून कळले की, हा वृक्ष विपस्सी बुद्धांचा, हा वेस्सभूंचा, हा ककुसंधांचा, हा कोणागमनांचा, हा कस्सपांचा आणि हा शाक्यमुनींचा बोधिवृक्ष होय. वंदन झाडाला नव्हते; त्या झाडाखाली झालेल्या संबोधीला होते. शिल्प तेच राहिले, पण एका ओळीने त्याचा अर्थ पालटला. अशा शिल्पांविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत, तथापि केवळ वृक्षपूजेचा अर्थ आता कोणी स्वीकारीत नाही.

एव्हान्स यांनी १९०१ साली मायसिनियन ‘वृक्ष व स्तंभपूजे’वर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हा त्यांच्यासमोरही मुद्रिकांवरील वृक्ष, स्तंभ व शिळा हेच होते. फरक एवढाच की क्रीटला अद्याप त्यांचे भारहूत मिळालेले नाही. मुद्रिकेवर वृक्ष हलविणारा मनुष्य वृक्षाची पूजा करीत आहे, वृक्षाच्या द्वारे देवतेस बोलावीत आहे, की मृतासाठी शोक करीत आहे, हे सांगणारा नामलेख वाचला जाईपर्यंत आपण केवळ कृती पाहतो. तिच्यामागील श्रद्धा पाहत नाही.

उपसंहार

तर मग मिनोअन धर्माविषयी निश्चित असे काय म्हणता येईल? हे लोक पर्वतावर चढून जात, अग्नी पेटवीत आणि दुखऱ्या अवयवांच्या प्रतिकृती वाहत. ते गुहांच्या अंधारात मौल्यवान धातू सोडून येत. अर्घ्य, पशुबळी, संगीत, नृत्य व सामुदायिक भोजन हे त्यांच्या उपासनेचे अंग होते. त्यांच्या विधींत स्त्रिया अग्रभागी दिसतात. मृतांस ते विसरत नसत. द्विमुखी परशू, शिंगांची आकृती आणि बैल ही त्यांची पवित्र चिन्हे होती. यांपलीकडे ती चिन्हे त्यांच्यासाठी काय होती, देवतांविषयी ते कोणत्या कथा सांगत आणि मृत्यूनंतर काय होते असे मानीत, हे त्यांच्याच शब्दांत कळल्याशिवाय आपले शब्द त्यांच्या मुखी घालणे उचित नव्हे.

एखाद्या लुप्त समाजाच्या श्रद्धेचा अर्थ लावणे म्हणजे ज्यांना आता उत्तर देता येत नाही अशांच्या वतीने बोलणे होय. क्रीटच्या बाबतीत कधी महामाता, कधी शांततेचा स्वर्ग, तर कधी नरबळीचे भय आधुनिक मनानेच तेथे पाहिले. अवशेषांनी जेवढे सांगितले तेवढे मनःपूर्वक ऐकणे आणि उरलेल्या जागी रंग न भरणे, हाच त्या लोकांविषयीच्या आदराचा मार्ग आहे, असे आम्हांस वाटते.